दोन मेलूरचं पाठांतर

१२ जानेवारी २००४, सोमवार

पकडले गेले! वर्गाचं दार लोटलेलं होतं, खिडकीशी पहाऱ्याला एक पोरगी बसवली होती, आणि मुख्याध्यापक तुआन हाजी नेमके मागच्या व्हरांड्यातून आले. मी आपली रंगात येऊन शिकवतेय – पाणी का उकळतं, वाफ कुठे जाते – चक्क मलयमधून. पोरंही खुलून बोलतायत. तेवढ्यात मागून आवाज, "चिक्गू साबारिया, हा तास विज्ञानाचा ना?"

विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, असा वरून हुकूम आहे गेल्या वर्षापासून. बाकी विषय मलयमधून चालतील. म्हणजे इतिहास कळला पाहिजे, विज्ञान नाही कळलं तरी हरकत नाही!

तुआन हाजी रझाली माणूस म्हणून वाईट नाहीत. आवाज चढवत नाहीत. आपल्या खोलीत बसवलं, चहा दिला. "तुम्ही शिकवता उत्तम. पण उद्या वरचा कोणी आला तर मी मुख्याध्यापक म्हणून त्याला काय दाखवू?" चहा पिऊन आले.

१३ जानेवारी

अख्खा तास इंग्रजीतून घेतला. "अंडरस्टँड?" – "येस, टीचर!" सगळे एका सुरात. कोणाला काही कळलेलं नाही. निम्मं मलाही कळलं नाही मी काय बोलले ते.

२० जानेवारी

मला सुधारायला वासुगी दिलीय. इंग्रजीची शिक्षिका, वय सव्वीस असेल-नसेल. विज्ञान-गणिताच्या प्रत्येक शिक्षकामागे इंग्रजीचा एक शिक्षक, अशी योजना. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या मागच्या बाकावर बसून ही पोर माझ्या चुका टिपून घेणार. मी आज तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तास संपल्यावर कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर चहाचा ग्लास ठेवला तिनं. मला काक म्हणते, म्हणजे ताई. "काक, रागावू नका. माझी आई मळ्यातल्या तमिळ शाळेत गणित शिकवते. रोज रात्री मला फोन करते, बाई गं, समांतरला इंग्रजीत काय म्हणतात? आणि मग रडते."

अर्धी करंजी तिच्या ताटलीत ठेवली.

२ फेब्रुवारी

मस्तुरा संध्याकाळी आली. माझ्या थोरल्या बहिणीची, लोंगची मुलगी. घरात मी तिची मक सू, धाकटी मावशी, शाळेत चिक्गू, म्हणजे बाई. मला मूलबाळ नाही, त्यामुळे ही जरा जास्तच माझी आहे. गणित तिच्या बोटांत आहे. मी एक रीत सांगावी तर ती दुसरी काढते, आणि तीच छोटी असते! तिला मेरांती सायन्स कॉलेजात जायचंय, कुआंतानजवळच्या त्या निवासी शाळेत. माध्यमिकच्या दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेतून एखाददुसरं पोर उचलतात ते. या वसाहतीतून आजवर कोणी गेलेलं नाही. इथली पोरं शाळा संपली की पामच्या मळ्यात नाहीतर कारखान्यात.

तीच मस्तुरा इंग्रजीतून बोलायला उभी राहिली की तोंडाला कुलूप. पण एक आहे. साऱ्या वर्गात ती एकटीच 'येस, टीचर' म्हणत नाही. आमच्यात शिक्षकाच्या तोंडावर 'नाही कळलं' म्हणणं म्हणजे त्याच्या शिकवण्याला नावं ठेवणं. मी जन्मात कधी म्हटलं नाही. ही म्हणते. हात वर करून म्हणते!

"मक सू, मला खरंच नाही कळलं तर?"

"तर घरी येऊन विचार."

"आणि ज्यांची मावशी नाही, त्यांनी?"

आगाऊ कार्टी!

१६ फेब्रुवारी

तपासणी! मार्चच्या शेवटी. क्वालालंपूरचे अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर मेरांती कॉलेजच्या प्राचार्या. बघणार काय, तर इंग्रजीतून विज्ञान. कोणाचा वर्ग, तर माझा. माध्यमिक दुसरीची मेलूर तुकडी, म्हणजे दोन मेलूर. तुआन हाजींनी खांद्याला हात लावल्यासारखं करून म्हटलं, "शाळेची अब्रू तुमच्या हाती."

वासुगी म्हणाली, "काक, खरं ते दाखवू या. पोरांना येत नाही हेच त्यांना बघू दे." तिचं वय आहे असं बोलायचं.

१८ फेब्रुवारी

सुचलं! काल मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर नमाजघरावरून येत होते. पोरं कुराण वाचत बसली होती. सहा-सात वर्षांची पिल्लं, अरबीचा एक शब्द कळत नाही, पण उच्चारात केसाचा फरक नाही. काडीनं अक्षर दाखवायचं, गुरुजींनी म्हणायचं, पोरानं तसंच म्हणायचं, चुकलं की मागे. मी अशीच शिकले. माझी आई अशीच शिकली. ज्या पोरांना एवढं पाठ होतं, त्यांना वीस-पंचवीस इंग्रजी वाक्यं काय जड आहेत?

प्रयोग डब्याचा घेईन. पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी, खालून आच, वाफ धरली की झाकण बंद, वरून गार पाणी. डबा आपोआप चेपतो. पाहुण्यांना असलं आवडतं. मी विचारायचे प्रश्न ठरलेले, त्यांची उत्तरंही ठरलेली. क्रमानं.

वासुगीला म्हटलं, तुझ्या आवाजात कॅसेट भरून दे. तिनं कागद दोनदा वाचला. मग दिली भरून. मीही माझे प्रश्न तीच कॅसेट ऐकून पाठ करतेय. लपवायचं कोणापासून?

२७ फेब्रुवारी

वा! वा! पोरांनी कमाल केली. एकदा चाल बसली की सगळं सुरळीत. आणि हुस्ना! पाक दाऊदची हुस्ना. जिल्ह्यातल्या कुराण पठणात दोनदा पहिली आलेली. गळा असा की वाऱ्यालाही थांबावंसं वाटेल. एक पान दिलं की दोन दिवसांत तोंडपाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. गणितात मात्र शंभरात तीस. गरीब पोर, कधी तोंड वर करून बोलत नाही, पण पाठ म्हणायला उभी राहिली की वेगळीच कोणीतरी होते.

महत्त्वाची उत्तरं तिलाच देणार.

९ मार्च

आज वाईट वागले. मस्तुराला दोन उत्तरं दिली होती. ती म्हणताना मध्येच थांबली आणि मलयमध्ये विचारलं, "पण चिक्गू, झाकण लावायच्या आधी हवा बाहेर गेली म्हणून ना? मग सगळी गेली का थोडी राहिली?" प्रश्न अगदी बरोबर होता. पण वर्गाची चाल मोडली, पुढची तीन पोरं अडखळली. तिसऱ्यांदा असं झालं. मी तिची दोन्ही उत्तरं काढून हुस्नाला दिली. "त्या दिवशी तू मागे बसायचं. हात वर करायचा नाही. कळलं?"

शिवाय भाचीला पुढे केली, असं कोणी म्हणायला नको. हे खरं कारण का बहाणा, माझं मलाच ठरवता येत नाही.

२५ मार्च, गुरुवार

झालं. पार पडलं.

पाहुणे आले, मागे खुर्च्यांवर बसले. मेरांतीच्या प्राचार्या पुआन आझलीना – उंच, साधा पायघोळ बाजू कुरुंग, डोळे चांगले होते. वाटलं, या बाईंना सगळं दिसणार. सुरू केलं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. डबा तापला, झाकण लागलं, पाणी ओतलं, आणि असा काही चेपला की क्वालालंपूरचा साहेब खुर्चीतून उठला! हुस्ना उभी राहिली, हात मागे बांधून, वासुगीच्याच उच्चारात, "कारण बाहेरच्या हवेचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त आहे." खणखणीत इंग्रजीत.

आणि मग पुआन आझलीना पुढे आल्या. मध्यंतरात कोणीतरी त्यांना प्लास्टिकच्या पिशवीतलं गुलाबी सरबत दिलं होतं, नळी घातलेलं. ती पिशवी उंच धरली आणि हुस्नाला विचारलं, हे नळीतून वर का चढतं? इंग्रजीतून, भराभर. कॅसेटमध्ये हे नव्हतं! मागच्या बाकावर मस्तुराचा हात अर्धा वर आला. तिला माहीत होतं. मलयमध्ये सांगितलं असतं तिनं, चित्र काढून सांगितलं असतं. मी तिच्याकडे असं बघितलं की हात खाली गेला.

हुस्नाला प्रश्न कळलाच नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुआनकडे पाहिलं, आणि जे शेवटचं येत होतं तेच पुन्हा म्हटलं, "कारण बाहेरच्या हवेचा दाब आतल्या दाबापेक्षा जास्त आहे."

बरोबर! अगदी बरोबर उत्तर! साहेबानं टाळ्या वाजवल्या. पुआन आझलीनांनी हुस्नाच्या डोक्यावरून हात फिरवला. तुआन हाजींचे डोळे भरून आले होते. वासुगी खिडकीबाहेर बघत होती.

२६ मार्च

मस्तुरा आली नाही. लोंगकडून निरोप, डोकं दुखतंय म्हणून.

१२ एप्रिल

मेरांती कॉलेजात दोन मेलूरच्या एका मुलीला थेट जागा. परीक्षा नाही, मुलाखत नाही. हुस्ना बिंती दाऊद.

तुआन हाजींनी सकाळच्या प्रार्थनेला जाहीर केलं. सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. हुस्ना जमिनीकडे बघत उभी. मीही टाळ्या वाजवल्या. शेजारी वासुगी हळूच म्हणाली, "काक, आता तरी सांगा."

सांगू काय? की पोरीला काही येत नाही? तिच्या बापासमोर? आणि लगेच लोक विचारतील, मग कोणाला येतं? – माझ्या भाचीला! चांगलीच गोची झालीय.

१४ एप्रिल

लोंग आली होती. चप्पलसुद्धा काढली नाही, पायऱ्यांवरूनच सुरू. "सख्खी मावशी ना तू तिची? रात्र-रात्र बसून गणितं करते पोर, आणि जागा कोणाला, तर सातचा पाढा न येणारीला! माझ्या पोरीला मागे बसवलंस? तोंड बंद ठेवायला सांगितलंस?"

एकही शब्द खोटा नव्हता. मी भांडी घासत राहिले.

२४ एप्रिल, शनिवार

पाक दाऊदकडे केंदुरी. वसाहतीतलं झाडून सगळं माणूस. दोन बकरे कापले, मांडव घातला, बायका आदल्या दिवसापासून नारळ खवत होत्या. तीस वर्षं पामचे घड तोडून खांदे गेलेला माणूस तो, आज नवी टोपी घालून दारात उभा. माझे दोन्ही हात धरले. "चिक्गू, तुमचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत."

हुस्ना पाणी द्यायला आली तेव्हा कानाशी वाकली. "चिक्गू, तिथेही डब्याचंच असेल ना?"

मी म्हटलं, "असेल बाळ. हळूहळू कळेल सगळं."

शरम वाटायला हवी मला. वाटतेय.

२ मे, रविवार

गेली. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाक दाऊद हात हलवत होता.

४ मे

आज तास संपताना विचारलं, "अंडरस्टँड?" सगळे, "येस, टीचर!" आणि त्यात एक आवाज मस्तुराचा. समोर बघत, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फळा पुसला आणि बाहेर आले.

१६ मे

शिक्षक दिन. रविवार म्हणून शाळेत शुक्रवारीच साजरा झाला. टेबलावर प्लास्टिकची फुलं, मग, साबणाचे डबे. उत्कृष्ट शिक्षकासाठी माझं नाव पाठवलंय म्हणे.

दुपारी फोन. हुस्ना. वसतिगृहातल्या सार्वजनिक फोनवरून, मागे पोरींचा गलका. आधी शुभेच्छा दिल्या, पद्धतशीर. मग नुसती नाणी पडत राहिली. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"चिक्गू, इथे ते दुसरेच प्रश्न विचारतात."

फोन कटला.

५ जून

हुस्ना सुट्टीला आलीय. पाक दाऊदनं बोलावलं म्हणून गेले. कुआंतानहून त्याचा भाऊ आला होता, गाडीवाला. सगळे बैठकीत. पाक दाऊद म्हणाला, "हुस्ना, काकांना दाखव जरा इंग्रजी."

हुस्ना उठली. हात मागे बांधले. आणि सुरू झाली – डबा घ्या, त्यात थोडं पाणी घाला, आच द्या – पहिल्या उत्तरापासून शेवटच्यापर्यंत, न थांबता. माझे प्रश्नसुद्धा मध्ये-मध्ये तीच म्हणत होती! काका मान डोलावत होते. आई ओढणीआड डोळे पुसत होती. संपल्यावर सगळ्यांनी वाहवा केली.

पोरगी किती वाळलीय! मनगटं काड्यांसारखी. कोणाला दिसत नाही? परकर-झग्यात काय दिसणार म्हणा. निघताना दारापर्यंत आली. "चिक्गू, मला परत नाही जायचं. अब्बांना तुम्ही सांगा." मी म्हटलं, बघते.

बघते! दुसरं काय येतं मला!

१३ जून

परत गेली. मी सांगितलं नाही.

४ जुलै

पुन्हा फोन. आता रडतही नाही, सपाट बोलते. गणितात शून्य. विज्ञानात शून्य. जेवणाच्या वेळी पोरी तिला 'डबा' म्हणतात. कारण पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला सांगितली, तर हिनं डब्याचं म्हणून दाखवलं. तास चालू असताना शौचालयात जाऊन बसते. परवा जिन्यात चक्कर येऊन पडली, कपाळाला टाके.

"कुराण म्हणतेस ना रोज?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं सुचेना.

"नाही चिक्गू. सुरुवात केली की मध्येच डब्याचं येतं."

त्या पोरीकडे जे एक होतं, तेही मी नासवलं.

५ जुलै

वासुगीला सगळं सांगितलं. ती संतापेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कॅसेट माझ्या आवाजात आहे, काक. मीही येते तुमच्याबरोबर." तिला म्हटलं, तू नवी आहेस, तुझी नोकरी कच्ची आहे, तू यात पडायचं नाही. माझं मी निस्तरीन.

८ जुलै

तुआन हाजींकडे गेले. दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पेनाचं टोपण काढत-लावत.

"बसा चिक्गू. कोणाला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? पोरांनी इतकं एका सुरात उत्तर दिलं, मला कळलं नसेल?"

"मग तिला जाऊ का दिलंत?"

"जागा चालून आली. मी नको म्हणू? या वसाहतीच्या पोरीला?" टोपण लावून, "आणि आता तुम्ही नको म्हणताय, तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? मस्तुरा तुमची कोण लागते?"

मला माहीत होतं ते हे बोलणार. तरी चपराक बसल्यासारखं झालं.

११ जुलै, रविवार

पाक दाऊदकडे गेले. त्याला बाहेर पायरीवर बसवलं, समोर मीही बसले. तुझ्या पोरीला इंग्रजी येत नाही, मी पाठ करून घेतलं, तिचे हाल चाललेत, घेऊन ये तिला. सरळ सांगितलं. एवढंच सांगायला तीन महिने लागले मला.

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अगदी शांतपणे, "चिक्गू, तुमच्या भाचीला जागा हवीय, हे सरळ मागितलं असतंत तरी चाललं असतं. माझ्या पोरीला कमी कशाला करता?"

"पाक, मी अल्लाची शपथ घेऊन सांगते –"

"शपथ नको. चहा घेणार?"

घरी चालत आले.

१५ जुलै

किराणा दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबतात. माझ्या दारावर कोणीतरी चेपलेला डबा टांगून ठेवला होता. लोंगलाही माझा राग. म्हणते, "आता माझी पोर कुठे पहिली आली तरी लोक म्हणतील मावशीनं भांडून मिळवलं." मस्तुराला विचारलं, तर वहीतून मान वर न करता, "मला ती जागा नको मक सू. मला काहीच नको."

एक जागा, आणि दोन पोरी वाया.

१९ जुलै

दोन मेलूर माझ्याकडून काढून घेतला. ग्रंथालय दिलंय. उत्कृष्ट शिक्षकाचं नावही मागे घेतलं असावं, कोणी बोलत नाही. त्याचं दुःख नाही. वर्गाचं आहे. दारावरून जाताना पाय आपोआप आत वळले, नवा शिक्षक म्हणाला, "काही विसरलात, चिक्गू?"

२२ जुलै

शेवटी पुआन आझलीनांनाच फोन लावला. ऑफिसातून क्रमांक वासुगीनं आणून दिला. त्या इंग्रजीतून बोलू लागल्या. मी म्हटलं, "पुआन, मी मलयमधून बोलणार. जे सांगायचंय ते मला खरं सांगायचंय."

मग सांगितलं. कॅसेट, चाल, ठरलेले प्रश्न, ते सरबताचं उत्तर कसं योगायोगानं बरोबर आलं. पोरीचा काही दोष नाही, हे दोनदा सांगितलं. "तिला अर्थ एका शब्दाचा कळत नव्हता. पण पाठांतर असं आहे की पानच्या पान दोन दिवसांत म्हणते. त्यालाच मी भुलले. तुम्हीही भुललात. तिला घरी पाठवा, नाहीतर तिला मलयमधून शिकवणारं कोणी द्या. पण अशी ठेवू नका."

मग, "पानच्या पान?"

"हो. एक शब्द न चुकता."

"आम्ही लक्ष घालू, चिक्गू. तुम्ही सांगितलंत, फार बरं झालं."

त्यांचा आवाज खरंच मायेचा होता. किती महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवशी वाटलं होतं तसंच, त्या बाईंना दिसतं. रात्री भात गरम केला, वाळकी मासळी भाजली, पोटभर जेवले.

१ ऑगस्ट

हुस्नाचा फोन नाही. पाक दाऊद तिला आणायला गेल्याचंही ऐकलं नाही. वासुगी म्हणते, फोन नाही म्हणजे बरंच चाललं असेल. तिला कोणीतरी शिकवायला बसलं असेल. मीही तेच धरून चाललेय.

१६ ऑगस्ट, सोमवार

हुस्नाचा फोन आला. आवाज इतका मोकळा, मी आधी ओळखलंच नाही! आता वेगळी खोली दिलीय तिला, रोज दूध देतात, पोरी चिडवत नाहीत. तासाला बसावं लागत नाही. पुढच्या आठवड्यात परदेशातून पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर सगळ्यात आधी हीच बोलणार. बारा पानं लिहून दिलीत पुआन आझलीनांनी, स्वतः बसून म्हणून घेतात. दहा झाली.

मी विचारलं, "हुस्ना, त्यातलं कळतं का गं काही?"

ती हसली. "ते इथेही कोणी विचारत नाही, चिक्गू."